बांधावरून

रविवारी जेवणं आटपली की मी टीव्हीला गेम जोडते आणि परग्रहावर जाते. त्यानंतर कोणी माझ्याशी बोलायचं नाही, असा घरात माझा नियम आहे. बाबा तो पाळत नाहीत. अंबरनाथ पूर्वेच्या ज्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहतो, तिच्या जागी पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं.

गेममधल्या ग्रहाला दोन सूर्य आहेत आणि नजर जाईल तिथवर निळं गवत. पहिल्याच दिवशी मी त्यातून सरळ धावत सुटले, तर बाबा मागून ओरडले, "पिकातून काय चालतेस गो? बांधावरून जा ना!"

"बाबा, ते पीक नाहीये. गेम आहे."

"ओळीत आहे म्हणजे कुणीतरी लावलंच असेल ना?"

माझं डोकंच फिरलं. पण पुढच्या वेळी बोटं आपोआप कडेला वळली. गवताच्या दोन पट्ट्यांमधून खरंच एक उंचवटा जात होता. तेव्हापासून तो अख्खा ग्रह मी बांधावरून फिरते. वेळ लागतो, पण लागू दे. घाई कोणाला आहे?

गेल्या रविवारी सहा पायांचं एक जनावर माझ्या मागे लागलं. मी जिवाच्या आकांताने पळत होते, तेही बांधावरूनच, प्रत्येक वळण घेत. ते अगदी अंगावर आलं, तसे बाबा सोफ्यावरून उठून उभे राहिले.

"पिकातून पळ गो!" ते ओरडले. "शेतवाल्याला काय ते मी सांगतो!"