प्लेटच्या मधोमध

दोन कडक भाकऱ्या असल्याशिवाय दयानंद मेष्ट्रूंचा, म्हणजे मास्तरांचा, भूकवचाचा धडा सुरू होत नाही. बेंगळुरात चामराजपेटेतल्या त्यांच्या शाळेत पोरं त्या दिवसाची वाट बघतात. भाकऱ्या म्हणजे भूकवचाच्या प्लेट. समोरासमोर ढकलल्या की कडा एकमेकींवर चढतात, मोडतात, हा हिमालय. लांब ओढल्या की मधे फट पडते, समुद्राच्या तळाशी तिथूनच तप्त रस वर येतो. घासून सरकवल्या की कडा अडकतात आणि एकदम सुटतात, तो भूकंपाचा धक्का. धडा संपला की पोरं भाकऱ्या फस्त करतात. मेष्ट्रू मात्र तुकडाही तोंडात घालत नाहीत.

हेच ज्ञान त्यांनी तरुणपणी गावी पाजळलं होतं. किल्लारीजवळच, कर्नाटकच्या सीमेवरचं त्यांचं गाव. त्र्याण्णव साली जमीन अधूनमधून गुरगुरायची, म्हणून माणसं अंगणात झोपत. गणपतीला बेंगळुराहून घरी आलेल्या दयानंदने आईला हसून सांगितलं, भूकंप होतात ते कडांवर, आपण प्लेटच्या मधोमध. खुशाल आत झोप. विसर्जनानंतरच्या पहाटे दगडमातीचं घर तिच्या अंगावर आलं; दयानंद तोवर बेंगळुराला परतले होते. वडील, अप्पासाहेब, शेतावर राखणीला होते म्हणून वाचले. उत्तरेकडच्या टकरीचा ताण मधल्या जुन्या भेगांपर्यंतही पोचतो, हे दयानंद नंतर शिकले. शिकून काय उपयोग होता?

तेव्हापासून अप्पासाहेब छपराखाली झोपलेले नाहीत. इथेही त्यांचं अंथरूण गच्चीवरच. यंदाच्या थंडीत छातीत कफ भरला आणि डॉक्टरांनी बजावलं, असंच उघड्यावर ठेवलंत तर म्हातारा हाती लागणार नाही. सून शिवलीलाने हातापाया पडून पाहिलं. अप्पासाहेबांचं एकच, दया म्हणाला तर येतो.

दयानंद ‘आत चला’ हे शब्द तोंडात घोळवत टाळाटाळ करत राहिले. काही होणार नाही, असं पृथ्वीवरचा कुठला माणूस छातीठोकपणे सांगू शकतो? शेवटी खोकला जिन्याखाली ऐकू यायला लागला, तेव्हा दिवेलागणीला ते वर गेले.

"अप्पा, आत चला. काही होत नाही."

म्हातारा उठला, घोंगडी खांद्यावर टाकली. जिन्यात मधेच थांबून धापा टाकत म्हणाला, "तुझी आईबी अशीच उठली होती रं. म्हणाली, लेकरू शिकून आलंय, त्याला ठावं असंल."

दयानंदांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना छपराखाली नेलं.