तीन पांढरे दगड

चीनशी लढाई झाल्यावर आमची इंजिनिअर कंपनी भूतानमध्ये रस्ता बांधायला गेली. मी हवालदार, पूर्णेकडच्या वरवट बकाल गावचा. माझ्या सेक्शनमध्ये नाईक शेषराव होता, मेहकरचा, भाजीवाल्या घरचा. देश एवढासा, पण सगळा उभा. एका बाजूला कडा, खाली नदी, मधल्या सपाटीवर आमचे तंबू. पावसाळ्यात तिथे डोंगर सरकतात. आठवडाभर खपून केलेला रस्ता एका सरीत खाली जायचा आणि आम्ही पुन्हा फावडी उचलायचो.

साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचं; सातला फॉल-इन, कामाची हजेरी. नदीवरच्या पंपाने पाणी वर यायचं. शेषरावाने कुकहाऊसमागे मेथी लावली होती, त्यामुळे सगळी कंपनी त्याच्यावर खूश.

मी जन्माचा संशयी. देवळात शिरतानाही चपलांकडे चारदा वळून बघतो. पलीकडच्या वस्तीतला एक म्हातारा रोज सकाळी सहाला नदीवर यायचा. तिथे काठावर चुन्याने रंगवलेले तीन दगड होते, एकापेक्षा एक वर. सगळ्यात खालचा अर्धा पाण्यात. म्हातारा दगड बघायचा, मग आमच्या गाड्यांकडे बघायचा आणि निघून जायचा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. चीनची सरहद्द फार लांब नव्हती. हा गाड्या मोजून कोणाला तरी खुणा करतोय, असं मी धरूनच चाललो.

"म्हातारा काही वाईट नाही वाटत मले, दादा," शेषराव म्हणाला. त्याने त्याला दोनदा मेथीची जुडी दिली होती.

"तुले सगळेच साधू दिसते बे."

"अन् तुमाले सगळेच चोर!"

अठरा दिवस मी पाळत ठेवली. वहीत वेळा टिपल्या. एकोणिसाव्या दिवशी तिन्ही दगड लाथेने नदीत ढकलून दिले. म्हातारा आला, रिकाम्या जागेकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, चोरी पकडली.

दोन दिवसांनी, पाऊस चालू असतानाच, सकाळी नऊला नदी भराभर उतरू लागली. पंपाचा पाइप उघडा पडला. आम्ही पैनगंगा-पूर्णेकडची माणसं. पाणी उतरलं की घोर संपला, एवढंच आम्हाला ठाऊक.

"पानी उतरून राह्यलं, दादा. पाइप खाली न्याले सोपं जाईन," शेषराव म्हणाला.

"जाय. दोघं सोबत घे."

हुकूम माझा होता.

नऊ-वीसला म्हातारा धावत आला. नदीकडे आणि वरच्या खोऱ्याकडे हात करून ओरडत होता. माझी बाही धरून ओढत होता. पंप सोडून आम्ही पळावं, हाच याचा डाव, असं मी ठरवलं. त्याला गार्ड-तंबूत बसवलं. मजुरांत हिंदी जाणणारा एक भूतानी होता, वरच्या वळणावर. त्याला बोलवायला पाच मिनिटं पुरली असती. मी बोलावलं नाही.

नऊ-पस्तीसला वरच्या पिकेटचा, पहाऱ्याच्या चौकीचा, वायरलेस आला. "डोंगर सरकून नदी अडली होती. आता फुटली. पाणी खाली येतंय. ओव्हर."

मी शिट्टी फुंकत काठावर धावलो. खालून शेषरावाने एकाला खांदा देऊन वर चढवलं, मग दुसऱ्याला.

"शेषराव, सोड सगळं! वर ये!"

"आलो, दादा!"

झाडं, धोंडे आणि काळा चिखल एकदमच आला. नऊ-चाळीसला तिथे पंपही नव्हता आणि शेषरावही नव्हता. तीन दिवस शोधलं. काही सापडलं नाही.

त्या मजुराने नंतर उलगडून सांगितलं. पावसात नदी चढली तर भ्यायचं नाही. पावसात उतरली तर ती वर कुठेतरी अडली आहे. खालचा दगड कोरडा दिसला की वस्तीने डोंगर चढायचा. गाड्यांकडे म्हातारा बघायचा, कारण आम्ही पाण्याच्या वाटेत तळ दिला होता. कॅप्टनसाहेबांनी स्टँडिंग ऑर्डर काढली: पाणी उतरताच शिट्टी, सगळे वर. म्हाताऱ्याने नवे तीन दगड आणले आणि चुन्याचा डबा मुकाट्याने माझ्या हातात दिला. मी रंगवले. मान वर करायची मला लाज वाटत होती.

सुट्टीवर आलो तो आधी मेहकरला उतरलो. शेषरावाचे वडील मळ्यात वांगी तोडत होते. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"पोरगं पैनगंगेत पोहून वाढलं. पान्यानं कसं मेलं? खरं सांगजा, हवालदार. काही लपवून राह्यले तुमी."

मी सगळं सांगितलं. दगड, लाथ, तंबू, हुकूम. ते ऐकत राहिले.

"अठरा दिवस त्याले पायत होते तुमी?"

"हाव."

"मंग एक डाव पुसलं काऊन नाही त्याले?"

नंतर दर वर्षी मेहकरला गेलो, ते असेपर्यंत. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. जाताना मेथीची जुडी मात्र हातात द्यायचे.