मॅडमचा पासवर्ड

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. ओमानमधल्या सोहार शहरातल्या एका कॉलेजात मी चहापाणी आणि झेरॉक्स बघतो.

"चाचा, माझ्या कॉम्प्युटरवरून प्रिंट काढा, मला लेक्चर आहे," म्हणत एका मॅडमनी मला पासवर्ड सांगितला होता. आमच्याकडे सगळेच सांगतात, नाही सांगितला तर आपल्यावर विश्वास नाही असं माणसाला वाटतं. लक्षात राहीना, म्हणून मी तो लिहून प्रिंटरला चिकटवला.

आज त्याच कॉम्प्युटरवरून परीक्षेचा पेपर फुटल्याचं कळलं. मी चहा घेऊन गेलो तेव्हा डीनसाहेब मॅडमना विचारत होते, "पासवर्ड कुणाला दिला होता?"

"कुणालाच नाही." मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मी चहा ठेवून बाहेर आलो. आता खरं सांगितलं तर त्या खोट्या ठरतील, नाही सांगितलं तर पेपर त्यांनीच फोडला असं ठरून त्यांची नोकरी जाईल. सांगा, उद्या कुठल्या तोंडाने त्यांना चहा देऊ?