बंदुकीच्या कळीची वाटणी

सोन्याची अंगठी नको, त्याऐवजी शेरडांच्या गोठ्याच्या दाराचं लोखंड द्या, असं मी सासऱ्यांना म्हणालो. त्या क्षणापर्यंत माझ्या सासुरवाडीत मला हुशार समजत असत.

तसा मी निरुपद्रवी माणूस आहे. सोलापुरात भवानी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. पान नाही, तंबाखू नाही. व्यसन एकच, ठासणीच्या जुन्या बंदुकीची कळ कुठं दिसली की ती मिळवायची. अख्खी बंदूक नव्हे, नुसती कळ. अख्खी बंदूक घरात आणायची म्हणजे परवाना, पोलीस आणि सुनंदा आडवे येतात. (सुनंदा म्हणजे माझी बायको. धोक्याच्या चढत्या क्रमानं लिहिलंय.)

आता ज्यांनी आयुष्य वाया घालवलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची बंदूक. तिच्या कुशीला जी लोखंडी यंत्रणा बसवलेली असते ती कळ. एक पट्टी, पट्टीवर घोडा, घोड्याच्या तोंडात गारगोटी, शेजारी रंजकाची म्हणजे बारीक दारूची वाटी आणि आत कमान. चाप ओढला की घोडा आपटतो, गारगोटीची ठिणगी वाटीत पडते आणि बार उडतो. (उडाला तर. नाही उडाला तर पुढचा कार्यक्रम वाघाच्या हातात.)

ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या सोलापुरात कुणी नाही. गंजाचा वास घेऊन मी शतक सांगतो. जिभेला लावून जिल्हा सांगतो. (एकदा धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं, पण जिल्हा बरोबर निघाला.) दिवाणखान्यात मखमल लावलेल्या फळीवर माझे सगळे नग टांगलेत, प्रत्येकाखाली नाव आणि काळ लिहिलेली चिठ्ठी. यातले निम्मे नग बंद पडलेल्या मागांचे सुटे भाग आहेत, असं सुनंदा पाहुण्यांना सांगते. तो मत्सर आहे.

फळीच्या बरोबर मधला खिळा मात्र रिकामा होता. तो मी राखून ठेवला होता हंसमानीसाठी. म्हणजे जिच्या घोड्याची मान हंसासारखी वाकलेली असते अशी अस्सल चकमकीची कळ, तीही पुरी, एकही भाग न हरवलेली. सुनंदा त्या खिळ्यावर कॅलेंडर लावायची. मी काढायचो. ती लावायची. आमचा संसार तसा सुखाचा आहे.

आणि ही हंसमानी मला दिसली कुठं, तर मंद्रूपच्या पुढं माझ्याच सासऱ्यांच्या वस्तीवर! जेवून हात धुवायला मागं गेलो होतो. शेरडांच्या गोठ्याच्या दाराला एक पट्टी ठोकलेली. पट्टीवर तो घोडा, हंसासारखी मान वाकवून उभा. त्याच्या मानेत दाराची साखळी अडकवलेली. घरातल्या कुठल्याशा पूर्वजाच्या बंदुकीतलं एवढंच मागं राहिलेलं, आणि ते आता शेळ्या कोंडायच्या कामाला जुंपलेलं. माझे हात धुवायचे राहूनच गेले.

दुसरा कुणी असता तर तिथंच मागून मोकळा झाला असता, आणि त्यांनी देऊनही टाकलं असतं. पण मी पडलो बेरकी. म्हटलं, असं उघड मागितलं तर संशय येईल. धोंड्याचा महिना येईपर्यंत थांबावं. अधिक महिन्यात जावयाला पुरणाचे धोंडे घालतात, अनारशांच्या ताटात वाण देतात, आणि त्या महिन्यापुरता जावई म्हणजे साक्षात नारायण. नारायणाला नाही कोण म्हणणार? त्या दिवशी सगळं घरदार हजर असतं, हे माझ्या बेरकीपणाला सुचलं नाही.

तर तो दिवस उगवला. मी आणि टेंभुर्णीचा साडू, दोघे नारायण शेजारी शेजारी पाटावर. (साडूचं हायवेला टायरचं दुकान आहे, आणि त्याचा आवाजही ट्रकवाल्यांनी ऐकावा असाच आहे.) मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, दोन ताटं पुढं केली. दोन्हीत अनारसे, अनारशांवर एकेक अंगठी. साडूनं अनारशाच्या आधी अंगठी उचलली. मी ताट हळूच मागं सारलं.

मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, चेहरा उतरला. "का वो पाव्हणं? हलकी वाटली व्हय अंगटी?"

"छे छे. मला दुसरंच काहीतरी हवंय."

"मोटरसायकल मागतोय," साडू अनारशासकट पुटपुटला.

मग मी ते सुरुवातीला सांगितलेलं वाक्य बोललो. चूल सोडून बायका दारात आल्या. मामींनी सुनंदाकडं पाहिलं, सुनंदानं आढ्याकडं. आणि त्या शांततेत सुनंदानं माझ्या ताटातली अंगठी उचलून स्वतःच्या बोटात कधी घातली, ते मला दिसलंच नाही.

मामांना मात्र हसू आवरेना. "न्या की! त्यात काय इचारायचं?" मेहुणा बिरा पहार घेऊन गेला, पट्टी दारापासून उचकटली, दार सुतळीनं बांधलं आणि ती हंसमानी आणून माझ्यासमोर घोंगडीवर ठेवली. झालं होतं काम! तेव्हाच ती पिशवीत घालून सोलापूरची वाट धरली असती तर आज ही आठवण लिहायला माझ्याकडं कारणच उरलं नसतं.

पण समोर अख्खी सासुरवाडी, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या विषयात रस घेणारे श्रोते. मी खिशातून भिंग काढलं. स्क्रू ड्रायव्हर काढला. (धोंडे खायला जाताना स्क्रू ड्रायव्हर कशाला, असं सुनंदानं निघताना विचारलं होतं.) खोबरेलाचे थेंब सोडून एकेक स्क्रू सैल केला आणि एकेक भाग घोंगडीवर मांडत गेलो. हा घोडा, असली मान आता बघायला मिळत नाही. ही कमान, सबंध कळीचा जीव हिच्यात. ही पट्टी, हिच्यावर बघा अंधुक मुकुटाचा शिक्का, म्हणजे गोऱ्यांच्या फौजेचा माल. आणि ही वाटी तर लाखात एक. प्रत्येक भागाची मी अशी काही तारीफ केली, की चादर विकताना तशी केली असती तर आज माझी माडी झाली असती.

साडूनं जेवण थांबवलं. "किती येतील हो ह्येचं?"

"याचं मोल होत नाही," मी डोळे मिटून म्हणालो.

डोळे उघडले तेव्हा घोंगडीभोवतीचे लोक बदललेले होते. तेच होते, पण बदललेले होते. साडूनं मोबाईलवर परदेशातल्या कुठल्या तरी बंदुकीच्या लिलावाचा व्हिडिओ लावला होता. त्यातलं इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, पण हातोडा आपटल्यावर लोक टाळ्या वाजवतात एवढं सगळ्यांना कळलं.

साडू म्हणाला, जावई दोन तर वाण सारखं पाहिजे, एकाला गुंजभर सोनं आणि दुसऱ्याला करोडाचा माल हा न्याय नव्हे. बिरा म्हणाला, पोरीबाळींना द्यायचं ते दिलं, पण वडिलोपार्जित वस्तू मुलाची. मी म्हणालो, अहो करोड वगैरे काही नाही, दोन-चार हजाराच्या वर कुणी हात लावणार नाही. त्यावर सगळे माझ्याकडं बघून समजूतदारपणे हसले. ज्या माणसानं सोनं नाकारून लोखंड मागितलं, तो किंमत कमीच सांगणार!

इतक्यात बातमी लागून शेजारच्या वस्तीवरून आण्णा आले. आण्णा म्हणजे मामांचे थोरले भाऊ. बांधाच्या भांडणापायी ते मामांशी गेली कैक वर्षं बोलत नव्हते. ते आत आले, घोंगडीशी बसले आणि इतक्या वर्षांचं मौन सोडून म्हणाले, "रान वाटलं, हीर वाटली. गोट्याचं दार कुटं वाटलं हुतं?"

मामांनी डोकं खाजवलं. दार खरंच वाटलेलं नव्हतं.

"आण्णा, ही एकसंध वस्तू आहे," मी काकुळतीला आलो. "हिची वाटणी होत नसते."

मामांनी घोंगडीवर मांडलेल्या भागांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमीच की वो खोलून ठिवलंय. बरं झालं. वाटायला सोपं."

वाटणी झाली. मी सांगितलेली तारीफ सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळं तंटा होण्याचा प्रश्नच नव्हता. थोरलेपणाच्या मानानं आण्णांनी घोडा उचलला. कळीचा जीव म्हणून कमान साडूनं खिशात घातली. शिक्क्याची पट्टी बिराकडं गेली. मामांनी वाटी घेतली, ती चुन्याला बरोबर बसते म्हणाले. राहिले स्क्रू. निदान ते तरी माझे, असं म्हणून मी हात पुढं केला, तेवढ्यात शेळ्या आल्या.

सुतळी त्यांनी खाल्ली होती. दार मोकळं, अनारसे समोर. सगळा कळप घोंगडीवरून गेला, माझं ताट फस्त झालं, माझ्या नव्या धोतराचा सोगा एका बोकडानं अनारशागत चावला, आणि स्क्रू कुठल्या कुठं उडाले. मग दिवस मावळेपर्यंत साक्षात नारायण अंगणात गुडघ्यावर रांगत, चाळणीनं लेंड्या चाळत होता. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एकही स्क्रू मिळाला नाही. घरी येताना सुनंदा एसटीत खिडकीकडं बोट करून मला वाटेतली झाडं दाखवत होती. झाडांत विशेष काही नव्हतं. बोटात अंगठी होती.

पुढं काय झालं म्हणता? कमान साडूनं टायरच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवली, तिला रोज उदबत्ती असते. बिरानं पट्टी ट्रॅक्टरला जडवली. आण्णांनी घोडा पुन्हा गोठ्याच्या दाराला ठोकला, फक्त या वेळी स्वतःच्या. घोड्यावरून का होईना, भाऊ भाऊ बोलायला लागले. गावात माझं नाव निघालं की लोक हात जोडतात. मी मात्र मधला खिळा बघतो. त्याच्यावर कॅलेंडर असतं.

तीन वर्षांनी पुन्हा धोंड्याचा महिना आला. या खेपेला मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. जे देतील ते निमूट घ्यायचं, आणि ते सोनं असेल तर दोनदा निमूट घ्यायचं. मामींनी ताट पुढं केलं, वर भरतकामाचा रुमाल. साडूनं आपल्या ताटातली अंगठी घातली. मी रुमाल उचलला. अनारशांच्या मधोमध, हळदीकुंकू लावलेला, एक गंजका स्क्रू.

"तुमची आवड म्हाईत हाय की आमाला," मामा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. "बिरानं लई हुडकला."

मला गहिवरून आलं. मी भिंग काढलं, गंजाचा वास घेतला, तिथंच जिभेला लावला. हातानं कानशीनं पाडलेले आटे, चौकोनी बैठक, विलायती पोलाद. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, हा त्याच कळीचा स्क्रू, दोनशे वर्षांचा, शंकाच नको.

परत निघताना बिरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दाजी, कुनाला सांगू नगासा. मूळचा काय गावला न्हाय. ह्यो मागल्या म्हैन्यात मंद्रूपच्या बाजारातनं आनलाय, गंज चढावा म्हून मिठाच्या पान्यात ठिवला हुता. म्हटलं, पाव्हण्याचं मन कशाला मोडा."

स्क्रू आता मधल्या खिळ्यावर आहे. सुनंदानं कॅलेंडर स्वतःहून दुसरीकडं हलवलं. खाली चिठ्ठी आहे : काळ, अंदाजे दोनशे वर्षं. बघायला येणारे जाणकार भिंगातून तो स्क्रू निरखतात आणि माना डोलावतात. चिठ्ठी मी बदललेली नाही.