भिंगरीची सुटका

आमच्या ह्यांना चारचौघांत बोलायला सांगा, घाम फुटतो. पण दवाखान्यातल्या त्या एक्स-रेच्या खोलीत शिरले की गडी बदलतो. "श्वास घ्या. धरा. हलू नका. हं, सोडा." उभा जन्म हेच केलं. झोपेतसुद्धा म्हणतात, "हलू नका." मी म्हणते, अहो, हलतंय कोण?

आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे समोरच्या घरातली भिंगरी म्हणजे जवळजवळ आमचीच. नाव वेगळं आहे तिचं, पण एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून ह्यांनीच तिला भिंगरी केलं. संध्याकाळी जिन्यात ह्यांची पावलं वाजली की ही दार उघडून बाहेर. मग त्यांचा खेळ. हे "स्टॅच्यू!" म्हणाले की पोरगी जागच्या जागी थिजायची, जीभ बाहेर तर बाहेर. आणि सुटका कधी? ज्यानं स्टॅच्यू केलं त्यानंच येऊन आपल्या नाकाला बोट लावलं की. हे मुद्दाम बुटाची नाडी सोडत बसायचे, ती डोळे वटारून उभी. त्या वेळी ह्यांच्या तोंडावर जे हसू यायचं, ते मला कधी दिसलं नाही हो दुसऱ्या कशानं.

मग टीव्हीवर ते सुरू झालं. लांबच्या कुठल्याशा कारखान्यात किरणोत्सर्गी पदार्थाची पेटी फुटली, कामगार आजारी पडले. वाईटच झालं. पण टीव्हीवाल्यांनी आठवडाभर तेच दळण दळलं. लाल अक्षरं, कवटीचं चित्र, धडधडणारं संगीत आणि मधेच साबणाची जाहिरात. "तुमच्या शेजारी तर नाही ना हा विळखा?" असं तो निवेदक थेट आमच्याकडे बोट रोखून विचारायचा. पाठोपाठ फोनवर निरोप फिरला. एक्स-रे काढणाऱ्यांच्या अंगाला किरण चिकटून घरी येतात, लहान मुलांना लांब ठेवा, दहा जणांना पाठवा. लोकांनी वीस जणांना पाठवला.

त्यात ह्यांच्या खिशाला तो बिल्ला. किरण किती लागले ते मोजायला ह्या कामातल्या सगळ्यांनाच देतात, ह्यांचा आकडा कायम हद्दीतच येतो. पण हे तो तिथेच ठेवायला विसरायचे आणि तसेच घरी यायचे. समोरची, भिंगरीची आई, म्हणाली, "धोका नसता तर बिल्ला कशाला दिला असता?" घ्या! आता काय बोलणार, कप्पाळ?

त्या संध्याकाळी हे आले, "स्टॅच्यू!" म्हणाले, भिंगरी एका पायावर उभी राहिली. तेवढ्यात तिची आई बाहेर आली, तिला तशीच बखोटीला धरून आत घेऊन गेली. दार लागलं. हे बोट पुढे करून तिथेच उभे.

मी भांडायला निघालेच होते. ह्यांनी अडवलं. म्हणाले, "लेकराची आई आहे ती. घाबरणारच." पुढे जिन्यात कुणीतरी माझ्या कानावर जाईल असं बोललं, "म्हणूनच ह्यांना मूल झालं नाही." कारण माझ्यात होतं, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ह्यांच्याही कानावर ते गेलं. लोकांनी किरणांना बोल लावला, ह्यांनी लावू दिला. मला ह्यांचा असा राग आला, आणि असं भरूनही आलं.

टीव्हीवाल्यांना लवकरच दुसरा विषय मिळाला. भीती घालायला झाडून सगळे आले होते, काढायला काळं कुत्रं फिरकलं नाही. ती तशीच राहिली, आधी समोरच्या घरात, मग आमच्याही. हे कामावरून आले की कोपरापर्यंत हात धुवायचे, कपडे वेगळे भिजवायचे. काही चिकटत नाही म्हणून जन्मभर लोकांना सांगणारा हा माणूस! मी म्हटलं, "तुम्हालाही पटलं वाटतं?"

"पटलं नाही गं. पण सगळेच लांबून जायला लागले की वाटतं, असेल बाबा काहीतरी आपल्याला लागलेलं."

जिन्यात मात्र रेंगाळायचे. त्या दारासमोर चाव्या खुळखुळवायचे. दार उघडायचं नाही. घरात बसून तो आवाज मला ऐकवायचा नाही.

परवा दुपारी कुणीतरी आमचं दार बडवलं. समोरची. कडेवर भिंगरी, मनगट भलतंच वाकलेलं. पलंगावरून उडी मारली होती म्हणे. नवरा कामावर. "ताई, चला ना माझ्याबरोबर." राग गेला चुलीत, मी पायात चपला सरकवल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितला आणि एक्स-रेला पाठवलं. खोलीत आमचे हे.

भिंगरीला बघून ह्यांचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. दोन पावलं मागे सरले. "तुम्हीच तिचा हात ह्या एक्स-रेच्या पाटीवर ठेवा. पालथा. जरा डावीकडे." आईला हात नीट ठेवता येईना, पोरगी किंचाळत होती. भल्याभल्यांचे मोडके हात अलगद ठेवणारा माणूस स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभा!

"दादा, तुम्हीच ठेवा ना," ती म्हणाली.

हे बेसिनपाशी गेले. साबण लावला, कोपरापर्यंत. धुतले. पुन्हा साबण घेतला.

तिनं ते पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. "नका हो धुऊ, दादा. नका."

मग ह्यांनी भिंगरीचं मनगट ओल्या हातांनीच उचललं आणि पाटीवर ठेवलं. पोरगी गप्प झाली. "आता हलायचं नाही हं," हे म्हणाले. "स्टॅच्यू."

भिंगरी हुंदका गिळत म्हणाली, "पण काका, मागच्या वेळचं तुम्ही मला अजून सोडवलंच नाही."

ह्यांनी बोट उचललं, आणि आईकडे बघत राहिले.

"सोडवा तिला," ती म्हणाली.

ह्यांनी त्या नाकाला बोट लावलं. ते काढवेचना ह्यांना. खांदे गदगदा हलायला लागले.

"अहो, हलू नका," मी म्हटलं.