सांडूअण्णांचा उंदीर

फोन वाजला तेव्हा मी आमच्या पिकअपखाली उताणा पडलो होतो. हातात खडू, छातीवर बॅटरी, केसांत अंगणातली माती. पेरणीच्या तोंडावर वर्षातून एकदा असं गाडीखाली झोपायचं, हा नियम मला भोकरदन रस्त्यावरच्या सांडूअण्णा मिस्त्रींनी घालून दिलेला. कसाबसा खिशातून फोन काढला, तर त्यावर त्यांचंच नाव. मी खूश! म्हटलं, "अण्णा, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ता तुमचीच आठवण काढून राह्यलो." पलीकडे कोणी हसलं नाही. मग त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, आवाज आला, "भाऊ, मी बोलून राह्यले… सकाळी चहा घेता घेता गेले ते." मी तसाच पडून राहिलो. वर गाडीचं काळं पोट आणि त्यावर माझी अर्धवट ओढलेली पांढरी रेष… हा माणूस बोलायला कधी चुकत नाही, असं केदारखेड्यात माझ्याबद्दल म्हणतात. त्या सकाळी मी जितका चुकलो तितका जन्मात चुकलो नसेन.

अण्णांचं गॅरेज म्हणजे एका कडुलिंबाखाली चार पत्रे, एक बाकडं आणि भिंतभर खिळे. प्रत्येक खिळ्याला काही ना काही टांगलेलं. अण्णा स्वतः अंगानं काडीसारखे, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला, आणि सदऱ्याच्या खिशात पेन असावं तिथे खडू. त्यांची एक पद्धत होती. गाडी आली की पान्याला हात लावायचा नाही. मालकाला बाकड्यावर बसवायचं आणि विचारायचं, "शेवटची बराबर कव्हा चालली?" कधी बिघडली हे सांगायला सगळे उतावीळ असत. शेवटची नीट कधी चालली, हे आठवताना भल्याभल्यांची बोबडी वळे. अण्णा म्हणत, "बिघडल्याचा दिवस समद्यांच्या ध्यानात ऱ्हातो. बिघाड बसलेला असतो त्याच्या आधल्या दिवसात."

आता आमच्या आबांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट निम्मी त्यांची आहे. आबा म्हणजे माझे वडील. घरची शेवटची बैलजोडी म्हातारी होऊन गेली आणि मी ही जुनी फोर बाय फोर पिकअप आणली. पुढची चाकंसुद्धा ओढ घेतात, चिखलातून बाहेर येते, असं मी गावभर ढोल पिटला होता. आबा रिकाम्या गोठ्याकडे निघून गेले. पण त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी बाहेर येऊन पाहतो, तर आबा गाडीच्या पुढच्या बंपरला हळद आणि तूप चोळतायत… बैलांच्या खांद्यांना चोळतात तशी, खांदेमळणी! दुसऱ्या दिवशी चाकांना गेरू, आरशांना बेगड, आणि पुढच्या जाळीला लाल लोकरीचा हा एवढा गोंडा, बायंडिंग तारेनं आवळून बांधलेला. पुरणपोळीचा घास त्यांनी बॉनेटवर ठेवला, हात जोडले आणि गाडीच्या कानात, म्हणजे आरशाजवळ, काहीतरी पुटपुटले. मी खो खो हसलो. आबा म्हणाले, "हस. वर्सभर राबती ती, तू न्हाई." त्या दिवसानंतर रोज सकाळी उठून गाडीला एक चक्कर मारणं आणि काचेवर हात फिरवणं हा आबांचा नेम झाला. ओसरीवरून उठायचं त्यांना तेवढंच एक कारण उरलं होतं.

मग भादव्याचा पाऊस लागला. नाल्यापलीकडच्या बागेतून मोसंबी भरून निघालो आणि काळ्या चिखलात गाडी रुतली. मी रुबाबात छोटा गिअर फोर बाय फोरवर टाकला. मागची चाकं चिखल उडवतायत, पुढची मात्र पाहुण्यासारखी बसून! बाजूच्या बांधावर शेजारचा कैलास उभा. "काय भाऊ, चारी पायानं चालती म्हणं न्हवं तुमची? पुढचे दोन पाय उपासाला हायेत काय?" शेवटी त्याच्याच ट्रॅक्टरनं ओढून काढली. घरी आलो तो फणफणत. ओसरीवर आबा जेवत होते. मी सगळ्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "गाडीला कोणीतरी हात लावला आहे. तो कोण हे कळू दे, पुन्हा गाडीजवळ फिरकू देणार नाही. खांदेमळणी बंद, पोळा बंद!" आबांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि उठले. मला त्याचा अर्थ कळला नाही. रागावलेल्या माणसाला समोरचं ताटही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी अण्णांकडे नेली. आबा न विचारता शेजारी येऊन बसले. मी गॅरेजात पोचताच निदान ठोकलं, "अण्णा, गिअरबॉक्स गेला. उघडा." अण्णांनी मला बाकड्याकडे बोट दाखवलं. "बसा. शेवटची बराबर कव्हा चालली?" मी आठवलं. पोळ्याच्या आधी चार दिवस, खताची पोती घेऊन त्याच चिखलातून आली होती, अगदी झोकात. "मंग मधी काय झालं?" "काहीच नाही हो, पोळा झाला." अण्णांनी "हं" म्हटलं आणि आबांकडे एकदा पाहिलं. आबा कडुलिंबाकडे पाहत होते.

मग मला गाडीखाली झोपायला लावलं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे नेणारा एक लांब दांडा असतो, त्यावर खडूनं रेष ओढली. मला बाहेर काढून अण्णांनी छोटा गिअर टाकला, गाडी दोन हात पुढे घेतली आणि मला पुन्हा खाली पाठवलं. "रेष कुढं गेली?" "वर गेली." "म्हंजी दांडा फिरून राह्यला. गिअरबॉक्स बिलकुल ठीक हाय. तुम्ही तं त्याची तिरडीच बांधली व्हती!" आमच्या गाडीत पुढची चाकं त्या दांड्याला जोडून घेण्याचं काम इंजिनाच्या ओढीनं होतं. एक बारीक रबरी नळी इंजिनातून निघून पुढे जाते, ती हवा ओढते आणि कडी लागते. अण्णांनी ती नळी चाकाकडून सोडवली, माझा अंगठा तिच्या तोंडावर ठेवला. काही नाही. इंजिनाकडून सोडवली, आता अंगठा इंजिनाच्या तोंडावर. चट्कन चिकटला, वासरू चोखतं तसा! "हितं ओढ हाय, तिथं न्हाई. मधी कुनीतरी गळा धरलाय." मग डोळे मिटून ते दोन बोटांनी नळी चाचपत निघाले. पुढच्या जाळीपाशी बोटं थांबली. डोळे उघडले. मला म्हणाले, "भाऊ, कोपऱ्यावरून तीन चहा घेऊन या. सोता जा, गरम आणा."

चहा घेऊन आलो, तर नळीला नवा तुकडा बसला होता आणि अण्णा हात पुसत होते. "उंदीर," ते म्हणाले. "उंदरानं खाल्ली. तुमचा गोंडा बी नेला हरामखोरानं, बिळात गादी कराया." खरंच, जाळीवरचा गोंडा गायब होता. सकाळी तो तिथे होता की नव्हता, हे मला छातीठोक सांगता येईना. आबा घोटघोट चहा पीत होते. "अन् आबा," अण्णा म्हणाले, "पुढल्या पोळ्याला गाडी आधी माझ्याकडं आणायची. कुढं काय बांधायचं ते आपण दोघं मिळून पाहू. बांधायचं ते बोटभर ढिलं बांधायचं, मंग जनावर असो का गाडी." घरी जाताना मुद्दाम चिखलातून गाडी घातली. चारी चाकं लागली आणि आबा समोरच्या काचेला हात लावून हसले.

त्यानंतर मी त्या उंदराविरुद्ध जी मोहीम काढली, ती केदारखेडा विसरणार नाही. बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या. चाकाशेजारी पिंजरा, पिंजऱ्यात कांदाभजी. भजी कशी तळली म्हणजे उंदीर येतो, यावर आबांशी गंभीर चर्चा. हो, आबांशीच! ते रोज संध्याकाळी पिंजरा उघडून पाहत आणि मान हलवत, "हुशार हाय बेटा." पुढे एक मांजर आणलं, ते गाडीच्या टपावर झोपून लठ्ठ झालं. अण्णा भेटले की सगळ्यांसमोर, चेहऱ्यावरची रेष न हलवता विचारायचे, "भाऊ, उंदीर घावला का?" आणि मी त्यांना नव्या पिंजऱ्याची रचना समजावून सांगायचो…

पोळ्याला मात्र आम्ही दरवर्षी गॅरेजात जाऊ लागलो. आबा बंपरला हळद चोळत, अण्णा नवा गोंडा हुकाला सुती दोरीनं बांधत, मग गाठीत बोट घालून पाहत आणि आबांनाही घालायला लावत. वहिनींना आमच्या घरची पुरणपोळी आवडते म्हणून हे चाललं आहे, अशी माझी समजूत.

अण्णांच्या तेराव्याला आबांना घेऊन गेलो. आबा आता काठीशिवाय चालत नाहीत. जेवणं झाल्यावर ते गॅरेजाकडे वळले, मी मागोमाग. बाकडं रिकामं. ते भिंतीवरच्या खिळ्यांपाशी उभे राहिले आणि काठीनं एक खिळा दाखवला. जुन्या पट्ट्यांच्या मागे, धुळीनं विटलेला, एक लाल गोंडा लटकत होता. त्याला बायंडिंग तारेचे चार वेढे, आणि वेढ्यांच्या मध्ये चिमटून चपटा झालेला बोटभर लांबीचा रबरी नळीचा तुकडा. दातांची एकही खूण त्यावर नव्हती.

आबांनी गोंडा काढला, धूळ फुंकली आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घे," ते म्हणाले. "घावला तुझा उंदीर."

मला हसू आलं, आणि ते निम्म्यात मोडलं. ओसरीवर अर्धवट राहिलेलं ते ताट इतक्या वर्षांनी मला दिसलं. "आबा, तुम्ही सांगितलं का नाही?" आबा बाकड्यावर बसले. "सांगनार व्हतो. तू चहाला गेल्ता तव्हा सांडू म्हनला, गप ऱ्हा आबा, ह्ये पाप उंदराच्या नावावर जाऊ द्या… त्याला काय पोळा लागत न्हाई."

गोंडा वहिनींनी आम्हाला नेऊ दिला. आबांनी तार सोडवली, नळीचा तुकडा स्वतःच्या खिशात ठेवला, आणि तो विटका गोंडा तिथेच, पोळ्याची वाट न पाहता, बंपरच्या हुकाला सुती दोरीनं बांधला. गाठ दोनदा सुटली, वेळ लागला. मग गाठीत बोट घालून पाहिलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बी घाल. बराबर हाय का बघ."

मी बोट घातलं. जागा होती.