मुग्धाच्या फोनचा दिवा

शनिवारी जयेंद्रगंजच्या एका ऑफिसात स्विच बसवायला गेलो होतो... तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

औषधांची एजन्सी आहे. थाटीपुरचं ऑफिस बंद करून सगळा स्टाफ इथे आणून बसवलाय. मर्जर म्हणे!

त्या स्टाफमध्ये मुग्धा होती. फोनवर ऑर्डर घ्यायची. कॉलेज अर्ध्यात सोडून मी या नेटवर्किंगच्या कामाला लागलो, तेव्हा थाटीपुरला पहिली केबल तिच्याच टेबलापर्यंत ओढली होती. बाकी तुम्ही समजून घ्या यार...

मॅनेज्ड पीओई स्विच म्हणजे एकाच केबलमधून नेट पण आणि वीज पण. फोन, कॅमेरे, सगळं त्याच्यावरच. पण त्याच्याकडची वीज ठरलेली असते. दोन ऑफिसांचं सामान एकावर चढवलं, आणि मुग्धाचा फोन सुरूच होईना. लोड फुल.

मॅनेजरला म्हटलं, मोठा स्विच लागेल. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "पहले कैमरे चलने चाहिए. थाटीपुर वालों का बाद में देखेंगे."

बाद में म्हणजे कधी? स्टाफ कमी करणार, हे सगळ्यांना माहीत होतं. जिला ऑर्डरच घेता येत नाही, तिलाच आधी काढणार ना?

माझं सटकलं. लॅपटॉप उघडला आणि स्विचवर तिच्या फोनची केबल लागते त्या पोर्टला सगळ्यात वरची प्रायॉरिटी देऊन टाकली. हिरवा दिवा लागला... ती हसली. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात शेजारचे जोशीकाका रिसीव्हर आपटायला लागले. "अगं, आत्ता तर चालू होता!"

वीज कमी पडली की स्विच खालच्या प्रायॉरिटीतलं कुणीतरी बंद करतो. कॅमेरे आधीपासूनच वरच्या प्रायॉरिटीत होते. राग मॅनेजरवर, आणि फोन गेला काकांचा... ते पण थाटीपुरचेच.

मुग्धाला लगेच कळलं. "काकांचा काढून मला दिलास? मूर्ख आहेस का? परत कर."

"तुझी नोकरी जाईल ना पण!"

"ते मी बघीन. त्यांना या वयात कोण घेणार? कर म्हटलं ना."

केलं परत. तिचा दिवा विझला. ती खुर्ची सरकवून काकांच्या ऑर्डरी लिहून घेत बसली.

सोमवारी मी एक वेगळा अडॅप्टर घेऊन गेलो. तो लावला की फोन भिंतीच्या प्लगवर चालतो. शनिवारीच सुचायला हवं होतं, पण रागात माझं डोकं चालत नाही... मुग्धाचं टेबल रिकामं होतं. मॅनेजर म्हणाला, "इस सीट का पॉइंट निकाल दो."

काका फोनवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शब्द अगदी जिभेच्या टोकावर आले होते, पण गिळले सगळे. मी भांडलो असतो, तर मॅनेजरचा राग काकांवर निघाला असता.

मुग्धा, तू हे वाचशील की नाही माहीत नाही. ओरडलीस ते बरं केलंस... काकांचा फोन चालू आहे.